काट्याला शिक्का आहे, आकड्याला नाही

रेशन दुकानातला वजनकाटा, अंगठा घेऊन पावती देणाऱ्या ई-पॉस यंत्राला ब्लूटूथने जोडावा, ही कल्पना मला मनापासून पटते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी ‘मग जुनेच काटे बरे होते’ असा अर्थ काढला तर या लिहिण्याचा उपयोग नाही. पाच माणसांच्या घराला महिन्याला २५ किलो धान्य मिळायला हवं आणि घरी आणून मोजलं की कमी भरतं, हे दुखणं जुनं आहे. काट्यावर धान्य ठेवलं, वजन आपोआप यंत्रात गेलं, पावतीवर तेच छापलं गेलं, मध्ये कुणाचं बोट आलं नाही, तर त्या दुखण्यावर मोठा उतारा मिळेल. केंद्राने जून २०२१ मध्ये अन्न सुरक्षा कायद्याखालचे नियम बदलले ते याचसाठी. ई-पॉस चालवण्याकरता राज्यांना क्विंटलमागे १७ रुपये जादा मिळत होते; त्यातून जे वाचेल ते इलेक्ट्रॉनिक काटे घ्यायला आणि ते ई-पॉसला जोडायला वापरता येईल, अशी सोय त्या बदलाने झाली.

माझं म्हणणं वेगळं आहे. काटा जोडल्यावर त्याची तपासणी कोण करतं, कशाची करतं, आणि कशाची करतच नाही, याबद्दल मला बोलायचं आहे.

मी ढाणकीची. उमरखेड तालुक्यातलं, पैनगंगेच्या अलीकडचं आमचं गाव. नदी ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो. कापूस, सोयाबीन, तूर, आणि पाणी असेल तिथे ऊस, हळद. यातलं काहीही पिकवा, वर्षभराच्या कष्टाचं मोल शेवटी काट्यावर ठरतं. खेडा खरेदीवाल्याचा टांगता काटा, जिनिंगचा धर्मकाटा, बाजार समितीतला काटा, कारखान्याचा काटा. आणि विकून झालं की रेशन दुकानात पुन्हा काटा. मी पुण्यात अशाच काट्यांच्या इंडिकेटरचं फर्मवेअर लिहिते. इंडिकेटर म्हणजे आकडे दाखवणारी पेटी, आणि फर्मवेअर म्हणजे त्या पेटीतल्या चिपमध्ये भरलेला प्रोग्राम. माझं काम बाबांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं : ‘मंग आपला काटा खरा हाय का नाही, हे तुले सांगता येते काय?’

नुसता काटा पाहून मला ते सांगता येत नाही. निरीक्षकालाही येत नाही. का येत नाही, ते समजायला पेटीच्या आत डोकवावं लागेल.

काट्याच्या पाटाखाली लोडसेल असतो. ॲल्युमिनियमचा किंवा पोलादाचा ठोकळा, त्यावर बारीक तारांच्या जाळीसारख्या पट्ट्या चिकटवलेल्या. वजन पडलं की ठोकळा डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो, पट्ट्यांचा विद्युतरोध बदलतो आणि अगदी थोडा विद्युतदाब तयार होतो. साठ किलोचा काटा धरा. लोडसेलला पाच व्होल्ट दिले, तर पूर्ण साठ किलोला त्यातून साधारण दहा मिलिव्होल्ट येतात. दहा ग्रॅमचा फरक ओळखायचा तर या दहा मिलिव्होल्टचे सहा हजार भाग करावे लागतात; एकेक भाग पावणेदोन मायक्रोव्होल्टहूनही कमी. पंख्याचा वारा, तापलेला पत्रा, कमी-जास्त होणारी वीज, सगळ्याने हा आकडा हलतो. म्हणून फर्मवेअर एका सेकंदात अनेक मोजण्या घेतं, त्यांची सरासरी काढतं, आकडा थांबला की नाही ते पाहतं, रिकाम्या पाटाचं माप वजा करतं, आणि जे उरतं त्याला एका गुणकाने गुणतं. गुणाकार झाला की पडद्यावर किलो दिसतात.

हा गुणक ठरवण्याला कॅलिब्रेशन म्हणतात. प्रमाणित वजन पाटावर ठेवायचं, पेटीला सांगायचं की हे वीस किलो आहेत. पेटी गुणक काढते आणि लक्षात ठेवते. काट्याचा सगळा खरेपणा या एका संख्येत आहे. ती शेकडा दोनने कमी केली की शंभर किलो कापूस अठ्ठ्याण्णव दिसतो. पाट तोच, लोडसेल तोच, पेटी तीच, वरचा शिक्काही तोच. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल आहे. पंधरा क्विंटलच्या गाडीत दोन टक्के म्हणजे तीस किलो, म्हणजे २,४३३ रुपये. बोंडअळीतून वाचलेला, पावसातून वाचलेला, वेचणीची मजुरी देऊन घरी आणलेला हा कापूस असतो. हातात काटा नसलेल्या माणसाला ते तीस किलो कुठे गेले, हे कधीच कळत नाही.

तराजूच्या काळात पासंग बघता यायचा. रिकामा तराजू उचलायचा, दोन्ही पारडी सारखी येतात का बघायचं, आणि शंका आली तर माल या पारड्यात, वजनं त्या पारड्यात अशी अदलाबदल करायची. शाळेची पायरी न चढलेली माझी आजी हे करायची आणि व्यापारी गुमान करू द्यायचा. इलेक्ट्रॉनिक काट्याने अचूकपणा कितीतरी वाढला, यात वाद नाही. पण पासंग बघण्याची सोय गिऱ्हाइकाच्या हातून गेली. मापारी म्हणतो, ‘बघा, शून्य आहे.’ शून्याला कोणत्याही गुणकाने गुणलं तरी शून्यच येणार. रिकामा काटा शून्य दाखवतो, यावरून तो खरा आहे असं काहीच सिद्ध होत नाही, ही गोष्ट निदान विदर्भातल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असायला हवी.

आता तपासणीकडे येऊ. वैधमापन कायदा २००९ सालचा. काट्याचं नवं मॉडेल विकायचं तर आधी त्याच्या नमुन्याला मान्यता घ्यावी लागते. अहमदाबाद, बंगळुरू, फरीदाबाद, नागपूर अशा ठिकाणी केंद्राच्या प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. नमुन्याची परीक्षा घेताना वजन चढवत-उतरवत, पाटाच्या चारही कोपऱ्यांवर ठेवत, गरमीत आणि थंडीत काटा पाहिला जातो. हे काम सोपं नाही आणि त्याला जगात मान आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेची, म्हणजे ओआयएमएलची, प्रमाणपत्रं देण्याचा अधिकार भारताला मिळाला, असा अधिकार असलेला आपला तेरावा देश. मग काटा दुकानात आला की दर बारा महिन्यांनी फेरपडताळणी. निरीक्षक प्रमाणित वजनं ठेवतो, फरक मर्यादेत आहे ना ते पाहतो, तार ओवून सील लावतो, शिक्का मारतो, प्रमाणपत्र देतो.

त्या सीलने पेटीचं झाकण बंद राहतं. ब्लूटूथ झाकणातून आरपार जातं.

गुणक बदलायची कळ पूर्वी पेटीच्या आत, सीलच्या मागे असायची. तिला हात लावायचा तर सील तोडावं लागायचं, आणि तुटलेलं सील कुणालाही दिसायचं. बिनतारी पेटीत हे तसंच राहील याची हमी फक्त फर्मवेअर देऊ शकतं. ब्लूटूथवरून आलेली कोणती आज्ञा ऐकायची आणि कोणती झिडकारायची, हे तिथे, प्रोग्रामच्या ओळींत ठरतं. मी उघडून पाहिलेल्या काही पेट्यांत ब्लूटूथचा पिन १२३४ होता, मॉड्यूल कारखान्यातून येतं तेव्हा असतो तोच. आणि ज्या वाटेने वजन बाहेर जात होतं, त्याच वाटेने गुणक बदलण्याची आज्ञा आत घेतली जात होती. लिहिणाऱ्याच्या मनात लबाडी असेलच असं नाही. दुरुस्तीला जाणाऱ्या कारागिराची खेप वाचावी म्हणून ठेवलेली ती पळवाट असते. पण पाच-दहा मीटरवर उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणाच्या खिशातल्या मोबाइललाही तीच पळवाट मोकळी असते, आणि सील जागच्या जागी असतं.

‘पण निरीक्षक येऊन गेला, काटा बरोबर निघाला’, यावर माझं उत्तर फोक्सवॅगन. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या कंपनीचं बिंग फोडलं. डिझेल गाडीच्या इंजिनाचं नियंत्रण करणारा प्रोग्राम, गाडीची प्रयोगशाळेत चाचणी चालू आहे हे ओळखायचा आणि तेवढ्यापुरता धूर आटोक्यात ठेवायचा. गाडी रस्त्यावर आली की पुन्हा मूळ पदावर. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हा प्रोग्राम होता. गाडीला चाचणी ओळखणं तसं अवघड होतं. काट्याला त्याहून सोपं आहे. पाच, दहा, वीस अशी नेमकी गोल वजनं लागोपाठ पडली की निरीक्षक आला असं समजावं. शेतकऱ्याचं गाठोडं कधी नेमकं वीस किलो भरत नाही.

आपल्याकडचं उदाहरण पाहायला लांब जायला नको. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात पोलिसांनी पेट्रोलपंपांत चिप बसवल्याचं उघड केलं. रिमोटचं बटण दाबलं की कमी पेट्रोल सुटायचं. त्याच वर्षी ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने महाराष्ट्रात ठिकठिकाणी पंपांवर छापे घातले आणि माप मोजणाऱ्या पल्सरमध्येच फेरफार केलेला आढळला. त्या पंपांनाही वैधमापनाचा शिक्का होता. वर्षातून एकदा येणाऱ्या तपासणीला उरलेल्या दिवसांतलं काही दिसत नाही. उसाच्या काटामारीविरुद्ध स्वाभिमानी शेतकरी संघटना डिजिटल आणि ऑनलाइन काट्यांची मागणी करत आली आहे. मी त्या मागणीच्या बाजूची आहे, पण तिच्यात एक ओळ वाढवायला हवी : ऑनलाइन जाणारा आकडा ज्या फर्मवेअरमधून निघतो, तेही तपासा.

आज ब्लूटूथ असलेला काटा बाजारात आणायचा तर परवानग्यांची रांग काही लहान नाही. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं; हा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने भारतात परवानामुक्त झाला. तरी रेडिओ ठरलेल्या ताकदीत आहे याची उपकरण-मान्यता दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेकडून घ्यावी लागते. ब्लूटूथचं नाव आणि चिन्ह लावायचं तर ब्लूटूथ सिगकडे पात्रता घ्यायची. एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया आणि तोशिबा या कंपन्यांनी १९९८ मध्ये उभारलेली ही संस्था. तिचं शुल्क लहान उद्योजकाला झोंबेल इतकं आहे. शिवाय वैधमापनाची नमुना मान्यता. बिनतारी शाखा विचारते, तुमची लहर दुसऱ्याच्या लहरीत घुसते का. ब्लूटूथ सिग विचारते, तुमचं यंत्र इतरांच्या यंत्राशी नीट बोलतं का. वैधमापन विचारतं, वीस किलोला वीस दिसतात का. लोडसेलपासून पावतीपर्यंतच्या वाटेत आकडा कुणी बदलला नाही, हे सिद्ध करून दाखवा, असं यांतलं कुणी म्हणत नाही.

ब्लूटूथ सिगने वजनासाठी एक ठरलेली पद्धत आखून दिली आहे, पण ती घरगुती, माणसाचं वजन करायच्या काट्यासाठी. किलोचा आकडा पाच ग्रॅमच्या पटीत आणि सोळा बिटांत पाठवायचा, म्हणजे सव्वातीनशे किलोच्या थोडं पुढे ती संपते. व्यापारी काट्याला ती पुरत नाही, आणि आकड्यावर डिजिटल सही असावी असं तिच्यात काही नाही. मग प्रत्येक कंपनी आपापली पद्धत वापरते. बहुतेक ठिकाणी साध्या अक्षरांत ‘२५.०१० किलो’ असं वाक्य हवेत सोडलं जातं. असं वाक्य कोणताही मोबाइल तयार करू शकतो. पलीकडच्या यंत्राने ते काट्याचंच आहे अशी खातरजमा केली नाही, तर पाटावर काय ठेवलंय याला अर्थ उरत नाही.

आता त्याच दुकानात, त्याच मिनिटाला दुसरं काय घडतं ते पाहा. रेशन घ्यायला आलेली बाई ई-पॉसवर अंगठा ठेवते. त्या अंगठ्यासाठी आधार प्राधिकरणाची अट आहे की ठसा घेणारं यंत्र नोंदणीकृत आणि प्रमाणित असावं, ठसा यंत्रातच कुलूपबंद व्हावा, त्यावर यंत्राची डिजिटल सही व्हावी आणि मगच तो बाहेर पडावा. आता तर ही सही चिपमधल्या सुरक्षित कप्प्यात व्हावी, अशी पुढच्या पायरीची यंत्रं आली आहेत. राबून घासलेला अंगठा लागला नाही तर तिला परत पाठवलं जातं. ती बाई खरी आहे का, हे ठरवायला आपण एवढी यंत्रणा उभी केली. तिला मिळालेलं धान्य खरं आहे का, यासाठी तेवढीच उभी केली पाहिजे. गरिबाने सरकारला द्यायचा पुरावा पोलादी आणि सरकारने गरिबाला द्यायचा पुरावा कच्चा, हे मला मान्य नाही.

उपाय माहीत नाही अशातला भाग नाही. काट्याच्या पेटीत सही करणारी छोटी चिप बसवता येते. तिची किंमत पूर्ण काट्याच्या मानाने नगण्य आहे. आकडा स्थिर झाला की काट्याचा क्रमांक, वजन, वेळ आणि वाढत जाणारा अनुक्रमांक यांवर ती सही करते. गुप्त किल्ली चिपच्या बाहेर कधी येत नाही. ब्लूटूथ, ई-पॉस, मोबाइलचं नेटवर्क, मधला कुठलाही टप्पा कच्चा असला तरी सर्व्हरला कळतं की हा आकडा त्या काट्याचाच आहे आणि वाटेत बदललेला नाही. ढाणकीसारख्या ठिकाणी वीज गेली, नेटवर्क गेलं, तरी सही झालेली नोंद पेटीत पडून राहते आणि नेटवर्क आल्यावर जाते.

सहीने वाट पक्की होते. उगमाचं, म्हणजे गुणकाचं काय? त्यासाठी चांगल्या काट्यांत मोजणी-खूण ठेवतात. गुणकाला हात लागला की एक आकडा एकाने वाढतो. तो मागे नेता येत नाही, शून्य करता येत नाही. निरीक्षकाने पडताळणीच्या दिवशी प्रमाणपत्रावर लिहायचं : फर्मवेअरची आवृत्ती अमुक, मोजणी-खूण १४. पुढे दिवाळीनंतर कापूस घेऊन गेलेल्या शेतकऱ्याने पेटीवरची एक कळ दाबायची आणि पडद्यावर १७ दिसले, की कुणीतरी मध्ये हात घातला आहे हे उघड. बाबांच्या प्रश्नाला माझ्याकडे असलेलं हे पहिलं खरं उत्तर. यासाठी इंजिनिअर लागत नाही. दोन आकडे वाचता आले की पुरे. आजीचा पासंग त्या पेटीत परत आणता येतो, फक्त कायद्याने तो सक्तीचा केला पाहिजे.

फर्मवेअरच खोटं असेल तर ते मोजणी-खूणही खोटी दाखवेल, हा आक्षेप बरोबर आहे. म्हणून चिप सुरू होताना आधी फर्मवेअरवरची सही तपासली गेली पाहिजे, आणि मान्यता मिळालेल्या फर्मवेअरखेरीज दुसरं चालूच होता कामा नये. हे तंत्र आज स्वस्त चिपांतही असतं. ते अभेद्य आहे असं मी म्हणणार नाही. २०२० मध्ये एका संशोधकाने नॉर्डिक कंपनीच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या ब्लूटूथ चिपचं कुलूप विजेच्या दाबाला नेमक्या क्षणी झटका देऊन उघडता येतं हे दाखवून दिलं. पण त्यासाठी पेटी उघडावी लागते, चिपपर्यंत हात न्यावा लागतो. म्हणजे सील तोडावं लागतं. जुनं शिशाचं सील आणि नवी डिजिटल सही यांची सांगड अशी बसते : खिशातल्या मोबाइलने जे होत होतं त्याला आता पक्कड घेऊन सील तोडण्याचं धैर्य लागेल.

खरा पेच यापुढे आहे, आणि आमच्या धंद्यात त्यावर रोज वाद होतात. वैधमापन म्हणतं, मान्यता दिलेल्या वस्तूला हात लावू नका. ब्लूटूथ म्हणतं, हात लावत राहा. फेब्रुवारी २०२० मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी ‘स्वेनटूथ’ नावाने अनेक कंपन्यांच्या ब्लूटूथ चिपांमधल्या चुका जाहीर केल्या. हवेतून एक वेडावाकडा संदेश पाठवला की यंत्र बंद पडे, काहींत तर सुरक्षाच टळे. असं काही निघालं की फर्मवेअर बदलावंच लागतं. बदललं तर मान्यतेचं काय? नाही बदललं तर गावोगावचे काटे उघडे.

ओआयएमएलच्या डी ३१ या मार्गदर्शक दस्तऐवजात याचं उत्तर फार शहाणपणाने दिलं आहे. प्रोग्रामचे दोन भाग करा. वजन काढणारा, गुणक सांभाळणारा, सही करणारा भाग कायद्याच्या कक्षेत. ब्लूटूथ, पडदा, छपाई वगैरे बाहेर. बाहेरच्या भागाला आतल्याला स्पर्श करता येऊ नये, फक्त ठरलेल्या खिडकीतून आकडा मागता यावा. आतला भाग बदलायचा तर दोन वाटा. एक, बदल करा आणि निरीक्षकासमोर पुन्हा पडताळणी करून घ्या. दुसरी, यंत्राने स्वतः नव्या फर्मवेअरची सही तपासावी, आणि कोणती आवृत्ती कधी बसली याची न पुसता येणारी नोंद ठेवावी. दुसऱ्या वाटेने गावातला काटा उमरखेडला न नेताही दुरुस्त होतो आणि काय झालं याचा माग राहतो. फर्मवेअर लिहिताना मी हीच विभागणी पाळते. आपल्याकडे ती लिहिणाऱ्याच्या मर्जीवर सोडून चालणार नाही.

फर्मवेअर तपासायला सरकारकडे माणसं कुठे आहेत, असं विचारलं जाईल. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी ती निघाली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून कॅमेऱ्यांच्या सुरक्षिततेच्या अटी घातल्या, आणि २०२५ पासून कॅमेऱ्याचं हार्डवेअर, फर्मवेअर, त्याचं बाहेरच्याशी बोलणं, हे सगळं प्रयोगशाळेत तपासून घेणं सक्तीचं झालं. १२३४ सारख्या सर्वांना ठाऊक पिनबद्दल तर दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने २०२१ मध्येच ग्राहकांच्या जोडलेल्या उपकरणांसाठी संहिता काढली; सगळ्या यंत्रांना एकच पासवर्ड नको, ही तिची सुरुवातीची अट. संहिता ऐच्छिक राहिली. कॅमेऱ्याने देशाची सुरक्षा धोक्यात येते म्हणून तिथे घाई झाली. शेतकऱ्याच्या गाडीतले तीस किलो आणि विधवेच्या पोत्यातले तीन किलो हेही तेवढ्याच घाईचे आहेत असं मी मानते.

लहान कारखानदारांची बाजूही विसरता येत नाही. देशातले कितीतरी काटे गुजरातमधल्या सावरकुंडलासारख्या गावांत, छोट्या शेडमध्ये तयार होतात. पेट्या, लोडसेल, बोर्ड बाहेरून आणायचे, जोडायचे आणि विकायचे. त्यांच्यावर मोठ्या प्रयोगशाळेचं बिल टाकलं तर ते बुडतील आणि बाजार दोन-तीन बड्या कंपन्यांच्या हाती जाईल. म्हणून मला वाटतं, वजन काढणारा तो आतला, कायद्याच्या कक्षेतला भाग सरकारने एकदा लिहून घ्यावा, एकदा कसून तपासावा आणि सगळ्यांसाठी खुला ठेवावा. तो वाचता आला तर सावरकुंडलाचा कारागीर वाचेल, नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं वाचतील, चुका काढतील. लपवलेल्या प्रोग्रामपेक्षा दहा जणांनी चाळलेला प्रोग्राम कधीही भरवशाचा.

यातून सगळी लबाडी थांबेल असं नाही. मोजून पावती निघाल्यावर पोत्यातून धान्य काढून घेणं, ओलाव्याच्या नावाने कडता लावणं, हमालाने पाटाला पाय लावणं, हे कुठलंही फर्मवेअर थांबवणार नाही. त्यासाठी गिऱ्हाइकाकडे तोंड केलेला पडदा लागतो, दक्षता समिती लागते, तहसीलला गेलेली तक्रार कुणीतरी वाचावी लागते. पण जी लबाडी फक्त आमच्या क्षेत्रातल्या माणसांना दिसते आणि बाकी कुणालाच दिसत नाही, ती उघडी करणं आमचं काम आहे.

राज्याला यासाठी दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. जोडलेले काटे निविदेनेच घेतले जातात. पुरवठा विभागाने आणि राज्याच्या वैधमापन नियंत्रकांनी एकत्र बसून निविदेत चार अटी घालाव्यात. वजनावर काट्याच्या आतच डिजिटल सही व्हावी. ब्लूटूथवरून गुणकाला हात लावता येऊ नये. आवृत्ती आणि मोजणी-खूण कुणालाही, कळ दाबून, देवनागरीत दिसावी, आणि दर वर्षीच्या पडताळणी प्रमाणपत्रावर ती लिहिली जावी. पुरवठादाराने फर्मवेअर सरकारी प्रयोगशाळेला उघडून दाखवावं. याच अटी पुढे बाजार समित्यांच्या परवान्यात घालता येतील, मग जिनिंग आणि साखर कारखान्यांच्या काट्यांना. या अटींचा मसुदा लिहायला फर्मवेअर लिहिणारे विदर्भातले अनेक जण बसतील. मी बसायला तयार आहे.